टिटवीचा बसलेला घसा

टिटवी हे काही तिचं शाळेच्या हजेरीपटावरचं नाव नव्हतं. पण बोलायला जी लागली ती तेरा वर्षांची झाली तरी थांबली नव्हती, आणि झोपेतसुद्धा अधूनमधून दोन शब्द टाकत असे, म्हणून बाबांनी लाडाने ठेवलेलं हे नाव आधी बिल्डिंगभर आणि मग वर्गभर झालं. अशा या टिटवीने एका बुधवारी दुपारी, शाळेतून घरी येताना दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर उभं राहून, बोलणं बंद करायचं ठरवलं.

कारण घरात होतं. आई-बाबांचा अबोला सुरू होऊन एकवीस दिवस झाले होते. बाबा लिफ्टची तपासणी करणाऱ्या कंपनीत होते आणि आई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. म्हणजे दोघांनाही बारकाईने दोष शोधायची दिवसभराची सवय. भांडण नेमकं कशावरून झालं ते टिटवीला कोणी सांगितलं नव्हतं. तिला फक्त नोकरी लागली होती. पोस्टमनची.

"तुझ्या बाबांना सांग, गीझर चालू राहिलाय," आई म्हणायची.

बाबा तीन फुटांवर वर्तमानपत्र वाचत बसलेले असायचे. "तुझ्या आईला सांग, ऐकलं मी."

"आई, बाबा म्हणतात ऐकलं."

"मलाही कान आहेत म्हणावं."

असं हे टपाल एकाच टेबलावर सकाळ-संध्याकाळ वाटायचं. त्यातही टिटवीने सुरुवातीला जीव ओतला होता. निरोप जसाच्या तसा पोचवला तर आग वाढते हे तिच्या लक्षात आलं, म्हणून तिने मजकुरात किरकोळ दुरुस्त्या करायला घेतल्या. आई म्हणाली, "तुझ्या बाबांना म्हणावं, ओला टॉवेल पलंगावर टाकायला हे काही हॉटेल नाही." टिटवीने सांगितलं, "बाबा, आई विचारतेय, टॉवेल वाळत घालू का?" बाबा खूश झाले. "घाल म्हणावं." टिटवी आईकडे वळली आणि म्हणाली, "बाबा म्हणतात चुकलं."

आता अंतर तीन फुटांचंच. दोघांनीही सगळं ऐकलेलं. बाबांनी चष्मा काढला. "तुझ्या आईला सांग, मुलीला खोटं बोलायला शिकवू नकोस."

आणि हा निरोपही टिटवीलाच पोचवावा लागला. "आई, बाबा म्हणतात, मला खोटं बोलायला शिकवू नकोस." हे वाक्य बोलताना तिला स्वतःची जी कीव आली ती आयुष्यात कधी आली नव्हती. पोस्टमनला कुत्रा चावतो हे तिने ऐकलं होतं. पण पत्र पाठवणारा आणि पत्र घेणारा असे दोघेही चावतात, हे नवीन होतं.

तेव्हा संप. मात्र संप जाहीर करायची तिची हिंमत नव्हती, म्हणून आवाज जाणार असं ठरलं. दोन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं. पोस्टमन नाही म्हटल्यावर माणसं करतील काय? बोलतील एकमेकांशी.

बेत तिने कोणालाच सांगितला नाही. मुंगीलाही नाही.

मुंगी तिची पहिलीपासूनची मैत्रीण. खालच्या मजल्यावर राहायची, एकाच बाकावर बसायची. ती बोलताना अडखळायची. एखादं अक्षर घशात पाय रोवून बसायचं आणि काही केल्या बाहेर यायचं नाही, त्यातही 'क' फार. त्यामुळे मुंगीने वाक्य सुरू करायचं आणि टिटवीने ते पुरं करायचं, अशी सात वर्षांची वाटणी होती, आणि टिटवीला आपल्या या उपकाराचा मनातून अभिमानही होता. शनिवारी त्यांची तोंडी परीक्षा होती, दोघींनी मिळून संवाद म्हणायचा. जिना आणि लिफ्ट यांचा. टिटवीनेच तो लिहिला होता. लिफ्टला एकतीस वाक्यं, जिन्याला सात. जिन्याच्या वाक्यांत 'क' येणार नाही इतकी काळजी तिने घेतली होती. जिना कोण होता ते सांगायला नकोच.

मुंगीला सांगायचं नाही याचं कारण असं की मुंगीला खोटं पचत नसे. तिचे कान लाल व्हायचे. दोन दिवसांचा तर प्रश्न, मग सांगू, असं टिटवीने स्वतःला समजावलं. स्वतःला समजावणं तिला नेहमीच सोपं जायचं, कारण समोरून कोणी उलट बोलत नसे.

पहिला दिवस झकास गेला. संध्याकाळी आई-बाबा कामावरून परतल्यावर आई म्हणाली, "तुझ्या बाबांना सांग..." टिटवीने गळ्याकडे बोट दाखवलं आणि वहीवर लिहिलं: घसा बसला. आवाज गेला.

आईने तिच्या कपाळाला हात लावला, जीभ बाहेर काढायला लावली, आणि आतल्या खोलीकडे वळून ओरडली, "अहो! हिचा आवाज गेलाय!"

"कधीपासून?" बाबा धावत बाहेर आले. "अगं, मग तू गरम पाणी दिलंस का?"

एकवीस दिवसांनंतर अहो आणि अगं! टिटवीच्या तोंडून "जमलं!" निघता निघता राहिलं. ते तिने ठसक्यात घालवलं, आणि त्यामुळे तर दोघं आणखीच घाबरले.

बातमी बिल्डिंगमध्ये पसरायला पाणी तापायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. शेजारच्या शिवणकामवाल्या काकू गळ्यात मापाची टेप तशीच घेऊन आल्या आणि दर तासाला मिठाच्या गुळण्या सांगून गेल्या. सांगून गेल्या म्हणजे, गेल्या नाहीत. पहिल्या तीन गुळण्या त्यांनी समोर उभं राहून करून घेतल्या. वरच्या मजल्यावरचे निवृत्त तारमास्तर मात्र तिला बघून आनंदाने उजळले. तारखातं बंद झाल्यापासून त्यांना असं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. "बोलायची गरजच काय?" ते म्हणाले आणि चमच्याने टेबलावर कट्ट-कडकट्ट सुरू केलं. तासाभरात त्यांनी तिला 'पाणी हवे' शिकवलं. टिटवीने ते वाजवून दाखवताच काकूंनी गुळणीसाठी चौथा पेला पुढे केला.

सगळेजण तिच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलत होते. जो बोलत नाही त्याला ऐकू येत नाही, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला कळतही नाही, असं लोकांचं पक्कं मत असतं. त्यामुळे तिच्या देखत काहीही बोललं जाऊ लागलं. "घरातल्या वातावरणाचा परिणाम हो," काकू तारमास्तरांना म्हणाल्या, तिच्या डोक्यावरून. "पोर बोलेल तरी काय?" टिटवीला काकूंचा राग आला, कारण त्या अगदी बरोबर होत्या.

गुरुवारी शाळेनंतर आई-बाबा दोघांनीही अर्धी रजा टाकून तिला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हातारे होते, कपाळावर गोल आरसा. "आ कर," ते म्हणाले.

"आऽऽ," टिटवीने केलं. सवयीने. खणखणीत.

डॉक्टरांनी आरसा वर सरकवला आणि तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग आई-बाबांना विचारलं, "घरी काही ताण?"

"छे!" दोघं एकदम म्हणाले. गेल्या तीन आठवड्यांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"बरं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो फक्त टिटवीला दिसेल असा धरला. लिहिलं होतं: अजून किती दिवस? टिटवीने खाली मान घालून दोन बोटं दाखवली. डॉक्टरांनी कागदाचे चार तुकडे केले. "दोन दिवस आराम. आणि तुम्ही दोघं घरात जरा बोलत चला. मुलांच्या घशाला बरं असतं."

सल्ला त्यांनी तत्काळ मानला. परतीच्या बसमध्ये तिघं एका बाकावर बसले, टिटवी मधे, आणि तिच्या डोक्यावरून बोलणं सुरू झालं.

"पहिल्या तारखेला मला तिकडे हजर व्हायचंय," बाबा म्हणाले. "कंपनीला कळवायला हवं."

"कळव ना. मी कुठे अडवलंय?" चिडली की आई अहो विसरायची. "मला आत्ता कुठे प्रयोगशाळेची प्रमुख केलीय. मी येणार नाही."

"आणि ही?"

"ही माझ्याकडे राहील."

"का? तिकडे काय शाळा नाहीत?"

टिटवीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. बदली! दुसऱ्या शहरात! एकवीस दिवस ती टॉवेल आणि गीझरचे निरोप वाहत होती, आणि खरं पत्र कोणी तिच्या हातात दिलंच नव्हतं. तिने वही काढून घाईघाईने लिहिलं: कुठे? नेमकी बस खड्ड्यात गेली आणि अक्षराने भलतीच उडी मारली. आईने वही डोळ्यांजवळ धरली.

"कुत्रे? कुठे कुत्रे आहेत?"

बाबांनी खिडकीतून बाहेर वाकून पाहिलं. "मला तर एकही दिसत नाही. घाबरलीस का बाळा? बसमध्ये कुत्रे येत नाहीत."

मग दोघांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा, ती कोणाकडे राहणार, यावर भांडायला लागले. टिटवीला एकशे चाळीस प्रश्न विचारायचे होते. पण आता तोंड उघडलं तर नाटक उघडं पडणार आणि दोघांचं बोलणं बंद होणार. तिला वाटलं होतं, बोलायला लागले की मिटेल. बोलायला लागल्यावर भांडण नीट सुरू होतं, हे तिच्या हिशेबात नव्हतं.

इकडे शाळेत दुसरंच सुरू झालं होतं. बसून राहील तर ती मुंगी कसली! हजेरीला टिटवीचा नंबर आला की मुंगी उभी राहायची. "ह-हजर. तिचा घसा ब-बसलाय." चार तासांना चार वेगळ्या बाई आल्या, चौघींनी चौकशी केली, आणि चारही वेळा मुंगीने मुठी आवळून, घाम पुसत, पूर्ण हकिगत सांगितली. मागच्या बाकावर कोणीतरी खिदळलं. मुंगी थांबली नाही. मधल्या सुट्टीत ती म्हणाली, "प-परीक्षेचं टेन्शन घेऊ नकोस. त-तुझी वाक्यंपण मीच म्हणेन."

एकतीस वाक्यं. त्यात 'क' किती आहेत हे टिटवीला पाठ होतं. तिने वहीवर 'नको' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. मुंगीने ते रेघांसकट खोडलं.

शुक्रवारी दुपारी आई-बाबांना शाळेच्या कचेरीत बोलावणं आलं. टिटवीला तोंडी परीक्षेतून सूट हवी तर अर्ज हवा होता. कचेरीत शिक्केमास्तर बसायचे. त्यांच्या टेबलावर नऊ शिक्के होते आणि दहाव्याची त्यांना आस होती.

"विद्यार्थिनीने स्वतः तोंडी विनंती करायची असते," ते म्हणाले.

"तिला बोलता येत नाही, म्हणून तर सूट हवीय," आई म्हणाली.

"ते खरं. पण तसं तिने सांगायला हवं."

पाच मिनिटांच्या चर्चेनंतर, वर्गशिक्षिकेने चिठ्ठी देऊन पाठवलेल्या मुंगीने विनंती करावी, असा तोडगा निघाला. मग फॉर्म आला. कारण या रकान्यात तीन पर्याय होते: ताप, प्रवास, घरातील मृत्यू.

"ताप लिहितो," शिक्केमास्तर म्हणाले.

"ताप नाहीये," बाबा म्हणाले.

"मग प्रवास?"

"फॉर्ममध्ये नसलेला आजार झालाय हो तिला," आई म्हणाली.

"मुलांनी आजारी पडताना फॉर्म बघायला हवा," असं पुटपुटत त्यांनी ताप लिहिला आणि पुढचा रकाना वाचला. "येत्या सहा महिन्यांत विद्यार्थिनीचा पत्ता बदलणार आहे काय?"

"हो," बाबा म्हणाले.

"नाही," आई म्हणाली. त्याच क्षणी.

"खूण एकच करता येते," शिक्केमास्तर म्हणाले.

मग जे सुरू झालं ते ऐकून बाहेरचा शिपाई आत डोकावला. बाबा म्हणाले, मुलीवर त्यांचाही हक्क आहे. आई म्हणाली, हक्क पालक सभेच्या दिवशी कुठे असतो? टिटवी दोघांच्या मधे उभी होती आणि तिला आपण खुर्ची असतो तर बरं झालं असतं असं वाटत होतं. तेवढ्यात मुंगी पुढे झाली.

"त-तिला विचारा ना," ती म्हणाली. "ती ल-लिहून देईल, क... क..."

"काय?" शिक्केमास्तर म्हणाले. "कागद हवाय? कारण? कार्ड? अगं बोल पटकन, मला पाचवीचे दाखले करायचेत. कपाट?"

मुंगीचे डोळे भरले. मूठ आवळलेली, ओठ अडलेले.

"थांबा ना जरा!" कोणीतरी ओरडलं. "तिचं बोलणं अजून संपलेलं नाही!"

दोन दिवसांच्या मिठाच्या गुळण्यांनी घसा असा काही साफ झाला होता की नऊच्या नऊ शिक्के थरथरले. आई-बाबांनी वळून पाहिलं. टिटवीने तोंडावर हात ठेवला, पण सांडलेलं दूध काही पुन्हा भांड्यात भरता येत नाही.

त्या शांततेत मुंगीने आपलं वाक्य पुरं केलं. "क-कोणाकडे राहायचं ते."

मग तिने टिटवीकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले, खोटं दुसरीनेच बोललेलं असताना. ती कचेरीतून चालती झाली.

"म्हणजे हा अर्ज रद्द समजू?" शिक्केमास्तरांनी विचारलं. पण टिटवी केव्हाच दाराबाहेर धावली होती.

तिने मुंगीला पाण्याच्या नळांपाशी गाठलं आणि दोन दिवसांचं साठलेलं सगळं एका दमात ओतलं. टॉवेल, गीझर, बस, बदली. मुंगीने हात वर केला तेव्हा कुठे ती थांबली.

"चार ब-बाई," मुंगी म्हणाली. "चार वेळा. स-सकाळी आरशासमोर पाठ केलं मी. तुला म-माहितीये मला कसं होतं ते. म-मला सांगायचंस ना. मी क-कोणालाही..."

"सांगितलं नसतंस," टिटवी म्हणाली.

मुंगीने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर पाच मिनिटांपूर्वी शिक्केमास्तरांच्या वाट्याला आली होती. मग ती वर्गात निघून गेली. टिटवी नळापाशी उभी राहिली. सात वर्षं आपण काय करत होतो, याचा तिला आता पहिल्यांदा संशय आला, आणि तो उपकारासारखा दिसत नव्हता.

संध्याकाळी तिघं टेबलाभोवती बसले. ओरडा बसणार म्हणून टिटवीने तयारी ठेवली होती. पण आई टेबलावरचा डाग नखाने खरवडत बसली आणि बाबा चष्मा पुसत राहिले.

"का केलंस असं?" शेवटी बाबांनी विचारलं.

"आधी मला पोस्टमन केलंत," टिटवी म्हणाली. तिचा आवाज आता खरोखरच फाटत होता. "आता पार्सल करताय. इकडे ठेवायचं की तिकडे पाठवायचं. पार्सलला कोणी विचारत नाही."

आईचं नख डागावर थांबलं. मग आई म्हणाली, "विचारतोय. तुला काय हवंय?"

तिला हवं होतं ते मिळणार नव्हतं, हे विचारणाऱ्यांनाही माहीत होतं. म्हणून तिने मिळण्यासारखं मागितलं. वर्ष संपेपर्यंत शाळा हीच. बाबांनी एक आड एक शनिवारी यायचं. आणि निरोप बंद.

"म्हणजे तुमचं भांडण मिटलं का?" तिने विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "पण ते आमचं आम्ही भांडू. समोरासमोर." मग सवयीने पुढे म्हणाली, "तुझ्या बाबांना विचार, चहा..." आणि थांबली. बाबांकडे वळली. "चहा घेणार?"

"अर्धा कप," बाबा म्हणाले. तो निरोप तसाच, हवेतून, तीन फुटांवर पोचला. टिटवीला खुर्चीत बसवेना. ती उठून तीनदा गॅलरीत जाऊन आली. खालच्या मजल्यावरची खिडकी बंद होती.

शनिवारी वर्गशिक्षिकेने जोडी पुकारली तेव्हा टिटवी उठली. पण मुंगी आधीच फळ्यापाशी पोचली होती. "बाई, मी एकटी म-म्हणणार," ती म्हणाली. "दोन्ही भाग."

"आणि हिचं काय?"

"तिचं त-तिला विचारा."

बाईंनी टिटवीला सोमवारी नवा विषय घेऊन यायला सांगितलं आणि खाली बसवलं.

अडतीस वाक्यं. वेळ पाच मिनिटांचा. मुंगी जिना झाली की डावीकडे सरकायची, लिफ्ट झाली की उजवीकडे. सातव्या वाक्यापर्यंत बरं गेलं. मग लिफ्टची बढाई आली: माझ्याकडे कप्पी आहे, केबल आहे, कळ दाबली की काम फत्ते. टिटवीनेच लिहिलं होतं ते, ऐटीत, 'क'ला 'क' जोडून. आता तिला आपला हात तोडून टाकावासा वाटला.

"माझ्याकडे क... क..."

वर्गात चुळबुळ झाली. शब्द टिटवीच्या जिभेच्या टोकावर येऊन नाचत होता. तिने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. कप्पी, कप्पी, कप्पी. पट्टी दातांत धरली. मुंगी थांबली. तिने खिडकीकडे पाहिलं, श्वास घेतला, घाई असल्याचं काहीही लक्षण दाखवलं नाही.

"कप्पी आहे," ती म्हणाली. आणि पुढे गेली.

बारा मिनिटं लागली. तास संपल्याची घंटा झाली, बाई उठल्या नाहीत. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा मागच्या बाकावरून टाळी आली ती खिदळणाऱ्यांचीच होती का, हे टिटवीने वळून पाहिलं नाही. ती पट्टीवरचे दातांचे व्रण मोजत होती.

मुंगी बाकावर येऊन बसली. मधे दप्तराएवढं अंतर ठेवून.

"त-तुझी वाक्यं फार लांब असतात," ती समोर बघत म्हणाली.

"हो."

"आणि त-तू दोन ठिकाणी ओठ हलवलेस."

"तीन," टिटवी म्हणाली.

मुंगीने दप्तर उचलून पायाशी ठेवलं. टिटवीला खूप बोलायचं होतं. माफी मागायची होती, बाबांचं सांगायचं होतं, सोमवारच्या विषयाचं विचारायचं होतं. तिने तोंड उघडलं, आणि मुंगीचं अजून संपलं नसेल असं वाटून मिटलं. खरंच संपलं नव्हतं.

"आणि प-पुन्हा असं केलंस ना," मुंगी म्हणाली, "तर मी क..."

आणि पुढचा शब्द शोधायला तिने हवा तेवढा वेळ घेतला.